७२ तासांची मुदत: एचआयव्हीची पेप बेळगाव सीमाभागात कशी मिळवायची आणि २८ दिवस कशी पुरी करायची

शनिवारी रात्री अकराला कंडोम फाटला, तर मुदत मंगळवारी रात्री अकराला संपते. या ७२ तासांत पेपची पहिली गोळी पोटात जायला हवी. त्यानंतर ती सुरू करून उपयोग होत नाही, म्हणून डॉक्टरही देत नाहीत. आणि ७२ तास ही शेवटची गाडी आहे, पहिली नव्हे. गोळी शक्यतो पहिल्या दोन तासांत घ्यावी, नाहीतर त्याच रात्री. 'सोमवारी दवाखाना उघडला की बघू' म्हणणारा माणूस हातातला अर्धा वेळ रविवारीच घालवून बसतो.

पेप म्हणजे संपर्क झाल्यावर घ्यायचे प्रतिबंधक औषध. ती लस नाही. इंजेक्शनही नाही. गल्लीतल्या दवाखान्यात कुणी 'एकच सुई घ्या, सगळं निघून जाईल' म्हणून पेनिसिलिन किंवा ताकदीचे सलाईन लावले, तर पैसे जातात आणि वेळही जातो. दुसरा घोटाळा मेडिकलच्या काउंटरवर होतो. '७२ तासांची गोळी' मागितली की दुकानदार गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी पुढे करतो. तिचीही मुदत ७२ तासांचीच सांगतात, पण एचआयव्हीवर तिचा काडीचाही परिणाम नाही. बाईला दोन्ही गोळ्या लागू शकतात. एकीने दुसरीचे काम होत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

मुदत ७२ तासांचीच का? विषाणू शरीरात शिरतो तो आधी शिरलेल्या जागेच्या आसपासच्या पेशींत. तिथून दोन-तीन दिवसांत तो लसिका ग्रंथींपर्यंत पोचतो आणि मग पेशींच्या गुणसूत्रांत घर करतो. एकदा घर केले की औषध त्याला दाबून ठेवते, काढून टाकू शकत नाही. पेप त्याआधी वाट अडवते. सुईची इजा झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा १९९७ सालचा अभ्यास आहे. त्यात झिडोव्ह्युडिन या एकाच जुन्या औषधाने लागणीचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी घटलेला दिसला. आज तीन औषधे एकत्र देतात. तरी शंभर टक्के हमी कुणी देत नाही, आणि उशीर झाला किंवा गोळ्या चुकल्या की ती आणखी कमी होते.

पेप लागते का, हे आधी

भीती आणि धोका नेहमी एकाच मापाचे नसतात. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे आणि उपचार घेत नाही असे धरले, तर विनाकंडोम गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या व्यक्तीला दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ वेळा लागण होते आणि करणाऱ्याला सुमारे ११ वेळा. योनिसंबंधात बाईला सुमारे ८, पुरुषाला सुमारे ४. नशेसाठी सुई वाटून घेतली तर सुमारे ६३. आकडे लहान वाटले तरी तो एक प्रसंग आपला असू शकतो, म्हणून पेप दिली जाते. जखम, गुप्तरोगाचा व्रण, मासिक पाळी किंवा बळजबरीने झालेली फाट असेल, तर धोका वाढतो.

चुंबन, थुंकी, घाम, अश्रू, लघवी, एका ताटात जेवणे, डास चावणे, धडधाकट कातडीवर रक्त उडणे, यांसाठी पेप देत नाहीत. न्हाव्याच्या वस्तऱ्याने कापले, भांडणात कुणी चावले, वाटेत पडलेली सुई पायात घुसली, अशा प्रसंगांत एचआयव्हीचा धोका फार थोडा असतो. पण ओले रक्त दिसत होते का, सुई पोकळ होती का, हे डॉक्टरांना सांगून निर्णय त्यांच्यावर सोडावा. या जखमांना धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कावीळ 'ब'ची लस मात्र लागते, आणि घाबरलेला माणूस नेमके तेच विसरतो.

एक प्रसंग असा आहे की जिथे लोक उगाच धावपळ करतात. जोडीदार एचआयव्हीबाधित आहे, पण नियमित गोळ्या घेतो आणि निदान सहा महिने त्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडत नाही इतका कमी आहे. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, म्हणून पेपची गरज नसते. रिपोर्ट जुना असेल, किंवा मध्ये गोळ्या सुटल्या असतील, तर मात्र थांबू नये.

पहिला तास

सुई टोचली किंवा कापले असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. जखम पिळून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका, स्पिरिट किंवा ब्लीचिंगचे पाणी ओतू नका. त्याने कातडी सोलते आणि विषाणूला आणखी दार उघडते. डोळ्यात रक्त गेले तर साध्या पाण्याने बराच वेळ धुवा. साबण डोळ्याला नको. तोंडात गेले तर थुंका आणि चुळा भरा. संबंधानंतर बाहेरून पाण्याने धुवायला हरकत नाही, पण योनी किंवा गुदद्वाराच्या आत पिचकारी मारू नका.

बलात्कार झाला असेल तर मात्र उलट. तक्रार द्यायचा विचार असेल तर अंघोळ करू नये, कपडे बदलू नयेत, कारण पुरावे त्यांतच असतात. कपडे बदललेच असतील, तर कागदी पिशवीत घालून सोबत न्यावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

कुठे जायचे

बेळगावात सर्वात सरळ ठिकाण म्हणजे सिव्हिल, कागदावरचे बिम्स. तिथे एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीवर उपचार करणारे केंद्र आहे. सेंटरची वेळ दिवसाच्या ओपीडीची असते, म्हणून रात्री, रविवारी किंवा सणाच्या दिवशी सेंटरच्या बंद दारासमोर उभे राहून माघारी फिरू नका. थेट तातडीच्या विभागात जा. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार पेपची औषधे रुग्णालयात चोवीस तास हाताशी असायला हवीत, आणि पहिला डोस तातडीच्या विभागातून देऊन दुसऱ्या दिवशी एआरटी सेंटरला पाठवायचे, असाच क्रम आहे. पाटीवर कन्नडमध्ये 'तुर्तु चिकित्सा' लिहिलेले असते. 'तुर्तु' म्हणजे तातडीचे. कन्नड वाचता येत नसेल, तर हा एक शब्द तोंडपाठ असावा.

खानापूरच्या माणसाने बेळगावच गाठावे. निपाणीकराला कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ, आणि कागवाड-अथणीकडच्याला मिरज-सांगली जवळ. 'आधार कार्ड कर्नाटकचे आहे, महाराष्ट्रात देतील का' हा प्रश्न मनात घेऊन लोक उलट्या दिशेला निघतात. एड्स नियंत्रण कार्यक्रम राष्ट्रीय आहे. जे जवळ ते गाठा. तालुका रुग्णालयात आयसीटीसी म्हणजे मोफत तपासणी-समुपदेशन केंद्र असते. तिथल्या समुपदेशकाला कर्नाटकात 'आप्त समालोचक' म्हणतात. गोळी तिथे नसली तरी ती जवळ कुठे मिळेल हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यांचा एक फोन आपल्या दहा फोनांचे काम करतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ मोफत आहे. पलीकडून कन्नड ऐकू आले, तर गोंधळून फोन ठेवू नका, मराठी किंवा हिंदी मागा.

आता एक अडचण उघडच सांगायला हवी. नोकरीत झालेली इजा आणि लैंगिक अत्याचार, या दोन्हींसाठी सरकारी रुग्णालयात पेप मोफत मिळते आणि त्यावर वाद होत नाही. परस्परसंमतीच्या संबंधात कंडोम फाटला असेल, तर काउंटरवर टाळाटाळ होऊ शकते. म्हणून दोन वाटा एकाच वेळी चालू ठेवा. एकीकडे सिव्हिलला विचारा, दुसरीकडे खाजगी फिजिशियन किंवा त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञ शोधा. त्यांच्या चिठ्ठीवर हीच गोळी मोठ्या मेडिकलमध्ये विकत मिळते. लहान गावच्या दुकानात ती बहुधा नसते, मागवायला एक दिवस लागतो, आणि तो दिवस आपल्याकडे नसतो. आधी फोन करून साठा विचारा, मग गाडी काढा.

काउंटरवर काय बोलायचे

लाजेने 'अशक्तपणा वाटतोय' सांगितले, तर केसपेपरवर अशक्तपणा लिहिला जातो आणि ग्लुकोज मिळते. सरळ तीन गोष्टी सांगा: काय घडले, किती तासांपूर्वी घडले, आणि पेप हवी आहे. उदाहरणार्थ, 'चौदा तासांपूर्वी विनाकंडोम संबंध आला, मला एचआयव्हीची पेप सुरू करायची आहे.' समोरची नर्स फक्त कन्नड बोलत असेल तर: 'ननगे एचआयव्ही पीईपी मात्रे तुर्तागि बेकु.' मात्रे म्हणजे गोळी, बेकु म्हणजे हवी. कोणाशी संबंध आला, का आला, लग्न झाले आहे का, याची उत्तरे गोळीसाठी लागत नाहीत. संबंध कोणत्या प्रकारचा होता हे मात्र लागते, कारण धोका त्यावर ठरतो.

'आधी रिपोर्ट येऊ दे, मग औषध' असे कुणी म्हटले, तर नम्रपणे पण ठाम सांगा की पहिला डोस रिपोर्टसाठी थांबवायचा नसतो. 'त्या माणसाला घेऊन या, त्याची टेस्ट करू' हे ऐकूनही थांबायचे नाही. तो आला आणि तपासणीत निगेटिव्ह निघाला, त्याला अलीकडे कसला धोका नव्हता असेही कळले, तर डॉक्टर पेप बंद करतील. सुरू केलेली गोळी थांबवता येते. गेलेले तास परत येत नाहीत.

संमतिपत्र कन्नडमध्ये समोर आले तर न वाचता अंगठा किंवा सही करू नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात माहितीपूर्ण संमतीची व्याख्याच अशी आहे की माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली गेली पाहिजे. सीमाभागातल्या मराठी माणसाला भाषेचा आग्रह धरण्याची सवय आहेच. तो इथे धरावा, पण भांडून वेळ न दवडता. मराठी जाणणारी नर्स, वॉर्डबॉय, समुपदेशक बेळगावात सहज सापडतो. याच कायद्याने तपासणीचा निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

रक्ताच्या तपासण्या

पहिल्या दिवशीची एचआयव्ही तपासणी या प्रसंगाचा निकाल सांगत नाही. त्याआधीची स्थिती काय होती, एवढेच ती सांगते. ती पॉझिटिव्ह आली तर लागण जुनी आहे. मग पेपचा प्रश्न उरत नाही, नियमित उपचार सुरू होतात. समुपदेशकाला भेटल्याशिवाय गोळी मध्येच सोडू नये. सोबत कावीळ 'ब' आणि 'क', सिफिलिस, यकृताची तपासणी आणि मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी करतात. बाईची गर्भचाचणीही. गरोदरपणात ही गोळी घेता येते, तेव्हा पोटात बाळ आहे म्हणून पेप नाकारू नये.

क्रिएटिनिन महत्त्वाचे, कारण पेपच्या गोळीतले टेनोफोव्हिर हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात. कावीळ 'ब'ची तपासणी त्याहून महत्त्वाची. या गोळीतली दोन औषधे कावीळ 'ब'च्या विषाणूलाही दाबतात. ज्याला ती कावीळ आहे त्याने अठ्ठाविसाव्या दिवशी गोळी एकदम बंद केली, तर यकृताला सूज येऊन प्रकरण गंभीर होऊ शकते. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायचे नाही. रिपोर्ट निगेटिव्ह असेल आणि लस घेतलेली नसेल, तर ती तेव्हाच सुरू करावी: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी.

गोळी

प्रौढांसाठी एकच गोळी, दिवसातून एकदा, २८ दिवस. तिला टीएलडी म्हणतात: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. दहा वर्षांवरील आणि निदान ३० किलो वजनाच्या मुलांनाही हीच. त्याहून लहान मुलांची औषधे वेगळी असतात आणि वजनावर ठरतात, म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये.

एचआयव्हीबाधित माणूस रोज घेतो तीही बहुधा हीच गोळी असते. म्हणून नात्यातल्या कुणाच्या डबीतून चार गोळ्या आणाव्यात असे सुचते. तसे केले की त्या माणसाचा उपचार खंडतो आणि आपला अठ्ठावीस दिवस पुरत नाही.

जेवणाआधी किंवा नंतर, कधीही घेता येते. वेळ मात्र रोज एकच. झोप उडाली किंवा विचित्र स्वप्ने पडू लागली, तर रात्रीची गोळी सकाळी न्यावी. बहुतेकांचा हा त्रास तेवढ्यानेच आटोक्यात येतो. मळमळ, डोकेदुखी, पातळ संडास पहिल्या आठवड्यात होतात आणि पुढे ओसरतात. अंगावर पुरळ, डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे दिसले तर थांबून न राहता डॉक्टर गाठावा. क्रिएटिनिन किंचित वर गेलेले दिसले तरी घाबरू नये. डोल्युटेग्राव्हिरने तसे दिसते, मूत्रपिंड बिघडलेलेच असते असे नाही. हा फरक डॉक्टरच सांगतील.

अठ्ठावीस दिवसांत काय बिघडते

सर्वात जास्त बिघडते ते अॅसिडिटीच्या औषधाने. मळमळले की लोक डायजिन किंवा जेलुसिल घेतात. त्यांतले अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम पोटात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात, आणि रक्तात औषध पुरेसे पोचत नाही. पेपची गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही तसेच, पण त्या जेवणासोबत घेतल्या तर टीएलडीबरोबर चालतात. गरोदर बायका आणि म्हातारी माणसे यांनी हे ध्यानात ठेवावे. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालते.

मधुमेहाचे मेटफॉर्मिन असेल तर या काळात दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. फेफऱ्याच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनने पेपची ताकद उतरते. म्हणून चालू औषधांच्या पाकिटांचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा, नावे आठवत बसू नये. ऊसतोडीत किंवा शेतात अंग दुखले की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घ्यायची सवय आपल्याकडे आहे. टेनोफोव्हिर चालू असताना ती मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. घेतल्याबरोबर उलटी झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली, तर पुन्हा घ्या. दोन दिवसांहून मोठा खंड पडला तर स्वतःच ठरवू नका, सेंटरला विचारा.

एकत्र कुटुंबात डबी लपवणे हे खरे संकट. गोळ्या दुसऱ्या बाटलीत ओतू नका, कारण त्यांना ओल सोसत नाही आणि मूळ डबीतली ओल शोषणारी पुडी तशीच राहायला हवी. लेबल खरवडून काढले तरी चालेल, पण डबी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कामासाठी पुण्याला किंवा गोव्याला जायचे असेल तर पूर्ण डबी सोबत न्या. बहुतेक डब्या ३० गोळ्यांच्या असतात. उरलेल्या दोन 'पुढच्या वेळेसाठी' न ठेवता सेंटरला परत द्या.

या काळात आणि शेवटची तपासणी होईपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान करू नका. बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मध्येच दुसऱ्यांदा तसाच संपर्क आला तर तेही सांगा, गोळ्यांचे दिवस त्यानुसार वाढू शकतात.

बळजबरी झाली असेल तर

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करायचे असतात. एफआयआरची प्रत आणा, पोलिसांना घेऊन या, असे म्हणून उपचार अडवता येत नाहीत. रुग्णालय पोलिसांना कळवते, ते त्याचे कर्तव्य आहे. पण तक्रार पुढे न्यायची की नाही यावर औषध अवलंबून नाही. पेपसोबत गर्भनिरोधक गोळी, गुप्तरोगाचे औषध आणि कावीळ 'ब'ची लस मागून घ्या. सोबतचा माणूस बोलू शकणारा असावा, पीडितेला दहा ठिकाणी तेच सांगावे लागू नये. वय अठराच्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होतो. हेल्पलाइन: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

शेवटपर्यंत तपासणी

सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी आयसीटीसीत एचआयव्हीची मोफत तपासणी करायची. पेपमुळे लागण उशिरा दिसू शकते, म्हणून सहा आठवड्यांचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की माणूस पुढच्या दोन टाळतो, ते बरोबर नाही. दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा, गाठी आणि पुरळ एकत्र आले तर लवकर तपासा. ७२ तास उलटून गेल्यावर हा लेख हाती आला असेल, तर पेप नाही, पण याच तपासण्या आणि कंडोम आहेत.

वर्षात दोन-तीनदा पेप घ्यायची वेळ येत असेल, किंवा जोडीदाराचा विषाणू अजून आटोक्यात नसेल, तर प्रेपचा विचार करा. ती संपर्काआधीपासून घ्यायची गोळी आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. अठ्ठाविसाव्या दिवशीच एचआयव्ही तपासणी करून निगेटिव्ह असेल, तर मध्ये खंड न पाडता दुसऱ्या दिवसापासून ती सुरू करता येते. हे बोलणे पेपच्या तिसऱ्या आठवड्यातच सेंटरमध्ये करून ठेवा, कारण प्रेप मागवायलाही दोन-चार दिवस लागतात.